डोलची

हळदीचा नमुना घेऊन गेलो होतो,
सव्वा किलो, राजापुरी, सीलबंद.
पार्मापासून तासाभरावरचं गाव.
व्यापाऱ्यानं पाकीट फोडलं, हुंगलं, शिंकला,
म्हणाला, उद्या सांगतो.
उरलेल्या दुपारचं करायचं काय,
म्हणून सहा युरोचं तिकीट काढून
त्यांचं जुनं ऑपेरा हाऊस बघायला शिरलो.

डोक्यावर नसलेली टोपी काढावीशी वाटली.
घोड्याच्या नालासारखे सज्जे, एकावर एक पाच,
प्रत्येक खणाला दार, दाराला किल्ली, किल्लीला घराणं.
लाल मखमल मात्र कोपराशी झिजलेली.
ते बघून जरा बरं वाटलं.

गाईड पोरीचं इंग्रजी माझ्याइतकंच तोडकं.
पार छताकडे बोट करून म्हणाली,
तिथे हमाल, खाटीक, पाववाले.
गाणाऱ्याचा सूर हलला की तेच आधी ओरडायचे.
मी म्हटलं, आमच्यात ते खाली बसायचे.
खाली?
खाली, पुढे, पिटात. गणपती पेठेतून थेट,
कानाच्या पाळीवर हळद तशीच,
आणि पद आवडलं तर तीन-तीन वन्समोर,
पहाटेचं पोतं उचलायचंय हे विसरून.
तिला काही कळलं नाही. मान डोलावली तिनं.

मग वादकांच्या खड्ड्यात उतरलो.
घोडीवर एक जुनी वही, काचेखाली,
सुरांच्या रेघांवर पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलेलं.
हे काय, विचारलं.
डोल्चे, म्हणाली. गोड. इथे गोड वाजवा.

मी तिथल्याच एका खुर्चीत बसलो.
ती म्हणाली, बसायचं नसतं.

मल्लूअप्पा कोष्टीच्या पायपेटीला अकरा खुंट्या होत्या,
चिनी मातीची तोंडं, त्यावर काळी वळणदार अक्षरं.
अप्पाला मोडी यायची, ही अक्षरं नाही.
कुणा साहेबानं एकदा वाचून दाखवलेलं
त्यानं आपल्या जिभेला बसवून घेतलं होतं.
फोर्टे म्हणजे फोडणी.
व्हॉक्स ह्युमाना म्हणजे उमाबाई.
आणि नायिका एकटी पडली, दिवे निळे झाले,
की पायानं भाता मारत, माझ्याकडे न बघता:
पोरा, डोलची सोड.
मी नऊ वर्षांचा. दोन्ही हातांनी खुंटी ओढायचो
आणि खरंच वाटायचं, खाली कुठेतरी
आडात पाणी हललं.

चाळीस वर्षं मी तिला बादली समजत होतो.

सांगलीत उतरलो तो घरी न जाता तसाच थेटरात.
थेटर म्हणजे आता बेदाण्याचं गोदाम.
जिनगोंडानं कुलूप काढलं.
खुर्च्या गेल्या, पिटात खोकी, छातीएवढी थप्पी,
गंधकाचा वास, आणि त्याच्यामागून
चिकट, जुना, गोड वास.
भिंतीवर पुराची रेघ, बाल्कनीच्या कठड्याला लागून.
पायपेटी तरंगली म्हणे त्या वर्षी,
तीन दिवस, विंगेतून विंगेत,
जशी एंट्री चुकलेली बाई.
मग फुटली.
जिनगोंडाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात
तिची एक खुंटी आहे, खूण म्हणून अडकवलेली.
हातात घेतली. तोंड गुळगुळीत, अक्षरं गेलेली.
उमाबाई असेल. फोडणी असेल.

तिकडे त्या पोरीनं मला रंगमंचावर उभं करून
एक टाळी वाजवायला लावली होती.
आवाज पाचही सज्जे चढला,
छतावरच्या देवदूतांना शिवून
माझ्या कानात परत आला होता, स्वच्छ.
इथेही वाजवली.
खोक्यांनी ती पिऊन टाकली.

थप्पीमागं झोपलेला एक हमाल तेवढा उठून बसला.
काय वो, काय पायजे?
तोंडातून निघून गेलं: डोलची.
त्यानं डोळे चोळले,
आणि बाहेरच्या नळाकडे बोट दाखवलं.